फुटलेला तारा पाहायचाय : आठ इंची डॉब की स्मार्ट टेलिस्कोप?

19 मे 2023ला जपानच्या कोइची इतागाकींना सप्तर्षीतल्या एम 101 दीर्घिकेत नवा ठिपका दिसला. सुमारे 2 कोटी 10 लाख प्रकाशवर्षांवर एक तांबडा महाराक्षसी तारा फुटला होता. 15व्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका लहान तितकं तेज जास्त) तो ठिपका आठवड्याभरात 11व्या प्रतीपर्यंत उजळला. असा पुढचा सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, हुकू नये म्हणून दुर्बीण घेत असाल, तर निवड बहुधा या दोघांत होईल: आठ इंची डॉब (साध्या बैठकीवरची, हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) किंवा 50 मिलिमीटरची स्मार्ट टेलिस्कोप (आपोआप रोखली जाणारी, कॅमेऱ्याने टिपून मोबाइलवर चित्र दाखवणारी).

प्रकाश गोळा करण्यात डॉबचा हात कुणी धरणार नाही. प्रकाश घेणारं क्षेत्रफळ 16 पट. गावाकडच्या काळोखात ती 14व्या प्रतीपर्यंत जाते. ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट इव्हान्स यांनी आयपीसला (दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला) डोळा लावून 40हून अधिक सुपरनोव्हा शोधले, कारण दीर्घिकांभोवतीचे तारे त्यांना तोंडपाठ होते. आपल्याला तेवढं नको, पण नकाशा हातात घेऊन तारा जुळवायची चिकाटी हवीच. पुण्या-ठाण्याच्या गच्चीवर मात्र विचित्र प्रकार होतो. एम 101चा पसरट उजेड शहराच्या झगमगाटात बुडतो. तारा ठिपका असल्यामुळे तगतो, पण दीर्घिकाच दिसत नसेल तर तो ओळखायचा कसा?

इथे कॅमेरा बाजी मारतो. दहा-दहा सेकंदांचे शेकडो फोटो एकावर एक रचले की गच्चीवरूनही दीर्घिकेसकट तारा उमटतो. शिवाय तेज मोजता येतं. हायड्रोजनचं जाड आवरण असलेला तारा फुटल्यावर तेज दोन-अडीच महिने फारसं उतरत नाही, मग एकदम कोसळतं. तो आलेख घरच्या घरी काढायची मजा वेगळीच.

स्फोटाची जात मात्र दोन्हींना कळत नाही. याच एम 101मध्ये 2011 साली याहून तेजस्वी सुपरनोव्हा दिसला होता, पण तो श्वेतबटूचा, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याचा! हा फरक ओळखायला वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांत केलेली फोड, लागतो. 2023च्या स्फोटाचे वर्णपट लडाखच्या हानलेतल्या दोन मीटर दुर्बिणीनेही घेतले.

शहरात राहत असाल तर माझं मत स्मार्ट टेलिस्कोपला, जरी तिच्यात 'पाहणं' म्हणजे मोबाइलचा पडदा पाहणं असलं तरी. महिन्यातून एकदा अंधाऱ्या आकाशाखाली जाणं जमत असेल तर डॉबच घ्या. काहीही घ्या, दिवाळीच्या सुमारास घ्या. एम 101 उन्हाळ्याच्या संध्याकाळी छान वर असते. एप्रिल 2024मध्ये वासुकीतल्या दीर्घिकेत फुटलेला ताराही त्याच दिवसांतला. जूनमध्ये खरेदी केलीत तर ऑक्टोबरपर्यंत खोकंच बघत बसाल.