डीकॅफवर तीन महिने, घरच्या एस्प्रेसो मशीनवर

घरी एस्प्रेसो करायला लागून सहा वर्षं झाली. मशीन गाजिया क्लासिक, सिंगल बॉयलर, सोबत 64 एमएम फ्लॅट बर्रचा (दळणाऱ्या सपाट चकत्यांचा) ग्राइंडर, आणि सकाळ-संध्याकाळ काटा लावून 18 ग्रॅम मोजणारा मी. या सहा वर्षांत डीकॅफचा, म्हणजे कॅफीन काढलेल्या कॉफीचा, विचारसुद्धा मनात आला नव्हता. मग डिसेंबरात झोपेची पार वाट लागली, रात्री दीड-दोनला टक्क जागा, छातीत धडधड, डॉक्टरांनी ईसीजी काढला तो नॉर्मल आला आणि मग त्यांनी विचारलं की दिवसाला कॉफी किती. मोजलं तर चार डबल शॉट, म्हणजे 18-18 ग्रॅम पुडीचे चार कप. एका डबलला साधारण 120 मिलिग्रॅम कॅफीन धरलं तरी 480 होतात आणि अमेरिकेचं एफडीए निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला 400 पर्यंत चालेल म्हणतं. त्यात माझा शेवटचा शॉट संध्याकाळी सातचा. कॅफीन अंगात निम्मं व्हायलाच पाचेक तास जातात, म्हणजे रात्री बाराला त्यातलं अर्धं अजून शिल्लकच.

सकाळची कॉफी कमी करणं मला जड नव्हतं, संध्याकाळची मात्र सोडवत नव्हती, कारण ती मी आणि बाबा मिळून पितो. मी ऑफिसातून आलो की मशीन चालू करायचं, ते तापायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढा वेळ बाबा ओट्याला टेकून उभे राहतात आणि दिवसभरात काय झालं ते सगळं तिथेच बोलून होतं. बाबा आता 74 चे, त्यांनाही डॉक्टरांनी दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद सांगितलेली. ती वेळच घरातून जाणार होती, म्हणून डीकॅफ.

पहिलं पाकीट ऑनलाइन मागवलं, कोणाचं ते सांगत नाही. रोस्ट डेट, म्हणजे बिया भाजल्याची तारीख, कुठेच नव्हती, नुसतं 'बेस्ट बिफोर' आणि तेही वर्षभर पुढचं. बिया तेलाने चकचकीत. नेहमीच्याच सेटिंगवर दळलं आणि शॉट चौदा सेकंदांत धो धो खाली आला, पिवळट पाणी, क्रीमा (वरचा तपकिरी फेस) नावाला, चव भिजलेल्या पुठ्ठ्याची. आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "हे म्हणजे बिनमिठाचं वरण झालं रे." मी पण डीकॅफवर फुली मारून मोकळा होणार होतो. ते चुकीचं ठरलं असतं, कारण त्यात अर्धा दोष शिळ्या बियांचा होता आणि अर्धा माझ्या दळण्याचा.

डीकॅफची बी रोस्टरकडे येते तेव्हाच ती एकदा वाफवून, भिजवून, परत वाळवून झालेली असते. साध्या कच्च्या बीसारखी ती हिरवट नसते, भाजायच्या आधीच तपकिरी असते, त्यामुळे रंगावरून रोस्टचा अंदाज घेतला तर फसायला होतं. आतली रचना सैल झालेली असते म्हणून तेल लवकर पृष्ठभागावर येतं, भाजताना आत साठलेला गॅस लवकर उडतो आणि कॉफी लवकर शिळी होते. साधी कॉफी रोस्टनंतर महिनाभर मला छान जाते, डीकॅफ दोन आठवड्यांतच उतरायला लागते. म्हणून ज्या पाकिटावर रोस्ट डेट नाही ते डीकॅफ घेऊच नका, कितीही स्वस्त असू दे.

दुसरं पाकीट एका छोट्या रोस्टरकडून, ऑर्डर आली की भाजणारा, वॉटर प्रोसेस (पाण्याने कॅफीन काढलेली), मीडियम रोस्ट. यावेळी सहा दिवसांच्या बिया हातात होत्या. ग्राइंडर दोन खुणा बारीक केला, शॉट एकोणीस सेकंद. आणखी दोन खुणा, तेवीस. आणखी एक खूण, आणि मग खाली नागडा पोर्टाफिल्टर, म्हणजे तळ उघडा असलेली पूड भरायची दांड्याची वाटी, लावला होता त्यातून पहिला थेंब सातव्या सेकंदाला दिसला, मग मधोमध उंदराच्या शेपटीएवढी धार, गडद तपकिरी, हलत नव्हती की फुटत नव्हती, अठ्ठावीस सेकंदांत 34 ग्रॅम. मी मशीन बंद केलं आणि बाबांकडे पाहिलं, ते कपात डोकावून म्हणाले, "अरे, ही तर खरी दिसतेय." क्रीमा थोडा पातळ आणि लवकर विरणारा, ते आहेच. पण चवीला भाजलेला शेंगदाणा, गुळाच्या जवळ जाणारा गोडवा, मागे हलका कोको. आंबटपणा कमी, आणि इथिओपियन कॉफीत जो फुलांचा वास येतो तसं काही यात शोधू नका, ते मिळणार नाही.

एक अडचण सांगतो. सकाळी साधी आणि संध्याकाळी डीकॅफ, म्हणजे ग्राइंडर रोज पाच खुणा पुढे-मागे करायचा आणि आत अडकलेली साधी पूड डीकॅफमधे यायची. मी वैतागून जुना हँड ग्राइंडर कपाटातून काढला आणि तो फक्त डीकॅफला ठेवला. डीकॅफच्या बिया ठिसूळ असतात, हाताला फरक लगेच कळतो, साध्या लाइट रोस्टला दंड भरून येतो आणि ही मात्र बाबासुद्धा आरामात दळतात.

तिसरं पाकीट बहिणीने टोरोंटोहून आणलं, कोलंबियाची 'शुगरकेन' डीकॅफ. यात कॅफीन काढायला इथाइल ॲसिटेट हे सॉल्व्हंट (विरघळवणारं रसायन) वापरतात आणि ते कोलंबियात उसाच्या मळीपासून बनवतात, आम्ही मूळचे सांगलीचे त्यामुळे हे वाचून घरात सगळ्यांना फार कौतुक वाटलं. वॉटर प्रोसेसमधे सॉल्व्हंट नसतं, पाणी आणि कार्बन फिल्टर यांच्यावरच काम चालतं, स्विस वॉटर म्हणतात त्याचा कारखाना नावाप्रमाणे स्वित्झर्लंडला नाही तर कॅनडात आहे. डीकॅफचं नाव खराब झालं त्याला इतिहासही आहे, जर्मनीतल्या ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियसने 1906 ला काफे हाग ही डीकॅफची कंपनी काढली तेव्हा कॅफीन काढायला बेंझीन हे विषारी रसायन वापरायचे, आज ते कोणी वापरत नाही. मला स्वतःला शुगरकेनवाली जास्त आवडली, त्यात फळाचा गोडवा टिकतो, दुधाशिवाय प्यायची असेल तर हीच. दुधासोबत वॉटर प्रोसेसची पुरते, फक्त म्हशीच्या घट्ट दुधात ती बुडते, गाईचं घ्या.

एकदम साध्यावरून डीकॅफवर उडी मारू नका. मी पहिल्या दिवशी मारली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं असं ठणकलं की मीटिंगमधे बसवेना. मग एक आठवडा 9 ग्रॅम साधी 9 ग्रॅम डीकॅफ, पुढचा आठवडा 5 आणि 13, असं उतरलो. आता सकाळी एक साधा डबल, बाकी सगळी डीकॅफ, आणि झोप साडेअकराला लागते ती सहापर्यंत. डीकॅफ म्हणजे शून्य कॅफीन मात्र नव्हे, थोडं राहतंच, त्यामुळे ज्यांना पूर्ण बंद सांगितलंय त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

किंमत साधारण दीडपट पडते, म्हणून वाया घालवायची नाही. पाकीट आलं की त्याच दिवशी 18-18 ग्रॅमच्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमधे टाकतो, 250 ग्रॅममधे तेरा होतात आणि 16 ग्रॅम उरतात. त्या 16 ची आईची कॉफी होते, मोका पॉटमधे (गॅसवर ठेवायच्या कॉफीच्या भांड्यात), भरपूर दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ, आजी करायची तशी. बिनमिठाचं वरण म्हणणारी आई आता रात्री साडेनऊला जेवण झाल्यावर विचारते, "ती तुझी झोपेची कॉफी आहे का रे उरलेली?" जायफळाने त्या कॉफीला जे येतं ते मला शॉटमधे कधी मिळालं नाही, खरंच करून बघा.

पुढचं पाकीट मंगळवारी भाजून येतंय, यावेळी अर्धा किलो सांगितलंय.