नागपुरात बसून बँकांवर पीएचडी: सहकारी बँका घ्याव्यात की शेअर बाजारातल्या मोठ्या बँका?

बँकांच्या स्थैर्यावर काम करायचंय असं म्हणत दरवर्षी कोणीतरी भेटायला येतं. विषय ठरलेला असतो, मार्गदर्शकही ठरलेले असतात. आकडे कुठून मिळणार हे मात्र कोणीच पाहिलेलं नसतं. माझं ऐकाल तर आधी तेच बघा.

मोठ्या बँकांवर काम करायचं तर घराबाहेर पडावं लागत नाही. प्रत्येक बँकेचा ताळेबंद रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे, २०१०पासूनचे वित्तीय स्थैर्य अहवाल आहेत, तिमाही निकाल आणि शेअरचे रोजचे भाव आहेत. बाजार कोसळतो त्या दिवसांत एखाद्या बँकेचा शेअर किती पडतो, यावरून तिचा धोका मोजायची पद्धत अर्थतज्ज्ञ विरल आचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. ती शिकायला वर्षभर पुरतं.

पण आपल्याकडे ती पद्धत जरा अडखळते. २००८च्या संकटात लोकांनी ठेवी सरकारी बँकांकडे वळवल्या, कारण पाठीशी सरकार होतं. मग तुम्ही मोजताय तो धोका बँकेचा, की सरकारी हमीचा? दुसरा खड्डा थकीत कर्जांचा. २०१५मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कर्जखात्यांची तपासणी लावली आणि झाकलेली कर्जं बाहेर आली. मार्च २०१८पर्यंत एकूण कर्जांत थकीताचं प्रमाण ११ टक्क्यांच्या वर गेलं. ही कर्जं त्या तीन वर्षांत बिघडलेली नव्हती, तेव्हा फक्त दिसू लागली. हे लक्षात न घेता काढलेले आलेख मी प्रबंधांत पाहिलेत. शिवाय या वाटेवर मुंबई-बंगळुरूची गर्दी आहेच.

सहकारी बँकांकडे प्रश्न जास्त जिवंत आहेत. धडधाकट बँकही नुसत्या घबराटीने बुडू शकते, हे डायमंड आणि डिबविग या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९८३मध्ये गणिताने मांडलं. २०२२च्या नोबेलमध्ये बर्नान्केंबरोबर त्यांचा वाटा होता. ही घबराट खरोखर कशी पसरते, हे राजकमल अय्यर आणि मंजू पुरी यांनी तपासलं ते गुजरातमधल्या एका सहकारी बँकेत. २००१मध्ये राज्यातली एक मोठी सहकारी बँक कोसळल्यावर तिथे रांगा लागल्या होत्या. ज्यांचं त्या बँकेत कर्ज होतं किंवा खातं जुनं होतं, ते कमी पळाले. ओळखीपाळखीतल्या, शेजारपाजारच्या लोकांनी पैसे काढले की बाकीचेही निघाले. ठेव विम्याने, म्हणजे बँक बुडाली तरी ठराविक रकमेपर्यंत ठेव परत मिळण्याच्या हमीने, घबराट कमी झाली, पण थांबली नाही. नागपूरच्या इतवारीतल्या कोणत्याही व्यापाऱ्याला हे सांगा, तो म्हणेल यात नवीन काय.

ठेव विम्याची मर्यादा १९९३पासून १ लाख होती, ४ फेब्रुवारी २०२०ला ती ५ लाख झाली. आधी-नंतरची तुलना आयतीच मिळाली असं वाटतं, पण महिन्या-दीड महिन्यात टाळेबंदी आली आणि दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळले. त्याऐवजी शेजारची पतसंस्था घ्या. तिच्या ठेवींना हा विमा नाहीच, त्यामुळे गल्ली एकच, ठेवीदार तेच आणि सुरक्षा वेगळी, अशी तुलना उभी राहते.

त्रास आहे तो आकड्यांचा. एका बँकेत मी सलग तीन दिवस गेले. चहा मिळाला, मागच्या वर्षीचा अहवालही मिळाला. जुने मागितले तर, "मॅडम, तुम्ही काय शोधून राहिले? ते गोदामात गेले." आणखी एक फसगत म्हणजे आजची यादी. २००४मध्ये देशात १,९२६ नागरी सहकारी बँका होत्या, आता दीड हजारही नाहीत. आजच्या यादीवरून नमुना काढलात तर बुडालेल्या आणि विलीन झालेल्या बँका आपोआप गळतात, आणि अभ्यास तर बुडण्याचाच करायचा असतो!

अर्थमितीत, म्हणजे अर्थशास्त्रातल्या आकडेमोडीत, हात बसलेला असेल, परदेशी नियतकालिकात छापून यायचं असेल, तर मोठ्या बँका घ्या. कॉलेजात शिकवत काम करणाऱ्यांना मी सहकारी बँक आणि पतसंस्था अशी जोडीच सुचवते. मुंबईच्या संशोधकाला सक्करदऱ्याच्या शाखेत महिनाभर बसता येत नाही, तुम्हाला येतं. अहवालांसाठी चार-पाच बँकांचे शेअर घेऊन सभासद व्हा. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत उरकतात, म्हणजे उन्हाळ्यातच सभासदत्वाचा अर्ज टाकलेला बरा.