चिपळूणचं सोनोग्राफी सेंटर: पुरुषांच्या नाजूक जागेच्या डॉप्लरचा माझा अनुभव

फेब्रुवारीत एका सकाळी अंघोळ करताना लघवीच्या जागेवर, वरच्या अंगाला, हाताला दोरीसारखं काहीतरी लागलं. मुळापासून साधारण दोन इंच, कातडीखाली, पिळलेल्या सुंभासारखं टणक. दाबलं की दुखायचं, ताठरता आली की ओढ बसायची. मी गुहागरचा, वय ४६, घरचं नारळ-सुपारीचं आगर. चार दिवस कुणाला बोललो नाही. पाचव्या दिवशी बायकोला सांगितलं. रात्री झोप नव्हती, कॅन्सरपर्यंत सगळं मनात येऊन गेलं होतं.

आधी ज्या ठिकाणी गेलो त्याचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी वाचून भरल्या बाकांसमोर जागेचं नाव मोठ्याने उच्चारलं. आत दार अर्धवट उघडं. तपासायच्या आधीच, बायको शेजारी उभी असताना, ‘बाहेर कुठे संबंध आहेत का’ असा प्रश्न. मी तसाच उठून घरी आलो. गावातल्या डॉक्टरांनी मग डॉप्लरसाठी, म्हणजे शिरांतलं रक्त वाहतंय का ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीसाठी, चिपळूणच्या या सेंटरला पाठवलं.

सेंटर पहिल्या मजल्यावर आहे. बाकांवर बहुतेक गरोदर बायका, भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी. मला तिथे बसायचं अवघड वाटत होतं. पण काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठीवरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, “काका, हीच ना तपासणी?” जागेचं नाव तिने घेतलंच नाही. एवढ्यानेच माझा जीव निम्मा हलका झाला.

आत दार लावलं, पडदा ओढला, मदतीला पुरुष कर्मचारी. खाली टॉवेलच्या घडीचा आधार, बाकी अंगावर चादर. जेल कोमट केलेलं होतं. संबंधांबद्दल या डॉक्टरांनीही विचारलं, पण बायको बाहेर असताना आणि कशासाठी विचारतो हे सांगून. जांघेतली टाक्यांची खूण बघून त्यांनीच विचारलं, “हर्नियाचं ऑपरेशन कधी झालं?” डिसेंबरात झालं होतं, आणि ते सांगायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. अशा ऑपरेशननंतर, मार लागून किंवा जोराच्या संबंधानंतर अशी दोरी येऊ शकते, कधी कारण सापडतही नाही, असं ते म्हणाले.

पोटाला लावतात तो बाकदार प्रोब त्यांनी घेतला नाही. हा सरळ तोंडाचा, कातडीलगतचं बारीक दिसावं म्हणून जास्त फ्रिक्वेन्सीचा. भरपूर जेल घालून त्यावर तो नुसता टेकवला. जोरात दाबला तर निरोगी शीर मिटते आणि दिसतच नाही, म्हणून आधी हलक्या हाताने बघायचं, मग मुद्दाम दाबून. स्क्रीन माझ्याकडे वळवली. शेजारी शेजारी दोन मोठे करडे गोल. त्यांच्या वरच्या खाचेत एक शीर; दाबली की मिटायची, सोडली की उघडायची. तिच्या वर, अगदी कातडीखाली, आणखी एक छोटा गोल, आतून करडा भरलेला. दाबला तरी मिटेना. मग रक्त वाहतं तिथे रंग दाखवणारं बटण दाबलं. खालची शीर आणि बाजूच्या धमन्या उजळल्या, तो गोल मात्र बिनरंगाचाच. माझ्या डोळ्यांसमोर पाटात अडकलेला पालाच आला: पाणी थांबलंय, पाट फुटलेला नाही.

मग त्यांनी चिठ्ठीच्या मागे पेनाने चित्र काढून दिलं. वरची शीर म्हणजे सुपरफिशियल डॉर्सल व्हेन. ती कातडीतलं रक्त जांघेच्या शिरांतून मांडीच्या मोठ्या शिरेकडे नेते. खालची वेगळी, बक्स फॅशिया नावाच्या घट्ट पडद्याखाली असते आणि प्रोस्टेटभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात जाते. माझ्या रक्ताची गुठळी झाली होती ती या वरच्या शिरेत. ती पुढे सरकली नाही ना, हे बघायला जांघेतल्या शिराही तपासल्या. आतल्या जाड आवरणात कडक चट्टा होऊन वाकडेपणा येतो तो पेरोनी आजार, तो हा नव्हे, हेही स्पष्ट सांगितलं. रिपोर्टवर लिहिलं ‘पेनाइल मोंडोर’. आंरी मोंडोर या फ्रेंच सर्जनने १९३९ मध्ये छातीवरच्या अशाच दोरीसारख्या शिरांचं वर्णन केलं होतं, त्यावरून हे नाव.

सूज-दुखीच्या गोळ्या आणि सहा आठवडे संबंध बंद, हे आमच्या गावच्या डॉक्टरांनी सांगितलं. एप्रिलमध्ये पुन्हा डॉप्लर केलं तेव्हा त्या गोलात मधोमध निळी बारीक रेघ दिसली. रक्त वाहू लागलं होतं. हातालाही दोरी जवळजवळ लागत नव्हती.

पैसे १८०० घेतले, पावती न मागता दिली. उणं म्हणाल तर लिफ्ट नाही, म्हाताऱ्या माणसाला जिना जड जाईल. रिपोर्ट इंग्रजीतच मिळतो आणि मला त्यासाठी दोन तास थांबावं लागलं. मराठीत दोन ओळी खाली लिहून दिल्या तर घरी वाचता येतील, हे मी त्यांना बोलूनही आलो.

गुहागरहून जाणार असाल तर पहाटेच्या एसटीने निघा. साडेदहानंतर गर्दी वाढते. ऑपरेशनचे जुने कागद असतील तर सोबत ठेवा, मी नेले नव्हते.