बिऱ्हाड घेऊन परदेशात एम.बी.बी.एस.: नेपाळ, जॉर्जिया, जर्मनी की ऑस्ट्रेलिया?

नीटला वयाची वरची अट २०२२ पासून उरलेली नाही. त्यामुळं मिरजेत बी.एस्सी. नर्सिंग करून दवाखान्यात लागलेल्या किंवा कराडात बी.ए.एम.एस. होऊन बसलेल्या तिशीतल्या माणसालाही आता डॉक्टरकीचा विचार करता येतो. मात्र या वयात माणूस एकटा नसतो. जोडीदार असतो, चार-पाच वर्षांचं पोर असतं. एजंट सांगतो ते पॅकेज मात्र एकट्याचं असतं: शुल्क, हॉस्टेल, मेस, विमानतळावरून न्यायला गाडी. पोराची शाळा, जोडीदाराचा व्हिसा आणि घरभाडं यांचा त्यात हिशेबच नसतो. शिवाय अनेक ठिकाणी पहिलं वर्ष हॉस्टेलात राहण्याची सक्ती असते. तशी अट असेल तर कुटुंब तिथं नेऊन करायचं काय? म्हणून कॉलेजला पहिली चिठ्ठी पाठवाल ती याच एका प्रश्नाची, आणि उत्तर लेखी घ्या.

देश निवडण्याआधी घरात एक गोष्ट ठरली पाहिजे. शिकून परत सांगलीत पाटी लावायची, की तिकडंच राहायचं? याचं उत्तर "बघू नंतर" असेल तर थांबा, कारण दोन्ही वाटा पहिल्या दिवसापासून वेगळ्या आहेत.

परत यायचं असेल तर १८ नोव्हेंबर २०२१ च्या एन.एम.सी.च्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) नियमांत बसावं लागतं. जाण्याआधी नीट पात्र, शिक्षण किमान ५४ महिन्यांचं, माध्यम इंग्रजी, त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात तिथल्या नागरिकांच्या बरोबरीनं डॉक्टरकी करण्याची पात्रता. मग भारतात एफ.एम.जी.ई., म्हणजे परदेशी पदवीवाल्यांची चाळणी परीक्षा: ३०० प्रश्न, पास व्हायला १५०, चुकीला गुण कापत नाहीत, वर्षातून दोनदा. ती सुटली की इथं आणखी १२ महिने इंटर्नशिप. सगळं सुरळीत गेलं तरी साडेसहा-सात वर्षं जातात. आज बालवाडीत असलेलं पोर तुम्ही परवाना हातात घ्याल तेव्हा सहावी-सातवीत असेल.

या नियमांतली दोन कलमं एकट्या विद्यार्थ्याला फारशी अडत नाहीत, कुटुंबवाल्याला अडतात. पहिलं म्हणजे सगळं शिक्षण एकाच संस्थेत झालं पाहिजे. जोडीदाराला दुसऱ्या देशात चांगली नोकरी लागली म्हणून मधेच कॉलेज बदललं, तर पदवी मिळेल, भारतातली नोंदणी मिळणार नाही. दुसरं, प्रवेशापासून इंटर्नशिपसकट सगळं १० वर्षांत संपलं पाहिजे. दुसरं मूल, घरातलं आजारपण, यासाठी घेतलेली सुट्टी याच १० वर्षांतून जाते. बी.ए.एम.एस. किंवा नर्सिंग झालंय म्हणून "थेट दुसऱ्या वर्षाला घेतो" असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. ५४ महिन्यांतले महिने असे कापता येत नाहीत.

नेपाळ

परत यायचंच असेल आणि पदरात लहान मूल असेल, तर आमचं मत नेपाळकडं झुकतं. एम.बी.बी.एस. साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे ५४ आणि १२ महिने, नियमात तंतोतंत. माध्यम इंग्रजी. रुग्ण नेपाळी बोलतो, पण ती देवनागरीतच लिहितात. केस पेपरवरचं नाव-गाव मराठी माणसाला पहिल्या दिवशी वाचता येतं. टायफॉइड, क्षय, सर्पदंश असे आपल्याकडं दिसणारे रोगी तिथल्या वॉर्डातही असतात, त्यामुळं एफ.एम.जी.ई.चा अभ्यास आणि वॉर्डातलं शिक्षण एकमेकांपासून फार लांब जात नाही.

खरी बाजी मात्र आजीमुळं पलटते. भारतीयाला नेपाळात जायला-राहायला व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारानं राहण्याची आणि व्यापार-उदीम करण्याची मुभा आहे. तिसऱ्या वर्षापासून वॉर्ड, रात्रपाळी, पहाटेचा राउंड सुरू झाला की पोराजवळ कोण, हा प्रश्न पैशानं सुटत नाही. बाकीच्या देशांत आजी पर्यटक व्हिसावर येते आणि मुदत संपली की परतते. नेपाळात ती पुण्याहून गोरखपूरच्या गाडीत बसते, सुनौलीचा नाका ओलांडते आणि हवे तितके महिने राहते. विमानानं जायचं तर १५ ते ६५ वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, नुसत्या आधारवर चढू देत नाहीत. इथं बरीच कुटुंबं विमानतळावर अडकतात.

अडचणीही आहेत. नीट तर हवीच, शिवाय नेपाळच्या वैद्यकीय शिक्षण आयोगाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. २०० प्रश्न, त्यात जीवशास्त्र ८०, भौतिक ५०, रसायन ५०, बुद्धिमापन २०. बारावी होऊन दहा वर्षं झालेल्याला भौतिकशास्त्र पुन्हा काढताना घाम फुटतो. शुल्क परदेशी विद्यार्थ्याला नेपाळ्यापेक्षा जास्त पडतं. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे, त्यामुळं घरखर्च डॉलरसोबत हलत नाही, पण कॉलेजचं शुल्क डॉलरमध्ये ठरलंय का ते विचारा. शाळेचं म्हणाल तर काठमांडूत केंद्रीय विद्यालय आहे, पण दूतावासातल्या मुलांचा हक्क आधी. पोखरा, धुलिखेल, धरान इथं जायचं असेल तर तिथल्याच इंग्रजी शाळा पाहाव्या लागतील.

जॉर्जिया

जॉर्जियाचा सहा वर्षांचा एम.डी. (तिथली पहिली वैद्यकीय पदवी, आपल्या एम.बी.बी.एस.सारखी) आपल्याकडं जोरात विकला जातो. तिबिलिसीत शुल्क साधारण ५ ते ८ हजार डॉलर वर्षाला, माध्यम इंग्रजी, शहर सुरक्षित, आणि भारतीय विद्यार्थी भरपूर. इथंही शिकण्याची भाषा एक आणि खाटेवरच्या रुग्णाची दुसरी. रुग्ण जॉर्जियन बोलतो, लिपी ३३ अक्षरांची आणि पूर्ण वेगळी. भाषेचा तास बुडवणाऱ्याला चौथ्या वर्षी रोग्याची हकिकत विचारता येत नाही, तो फक्त मागं उभा राहतो.

कागदावर दोन गोष्टी तपासा. सहावं वर्ष अभ्यासक्रमात १२ महिन्यांची इंटर्नशिप म्हणून वेगळं दाखवलंय का? दुसरं, जॉर्जियात स्वतंत्र डॉक्टरकीचा परवाना पदवीनंतर लगेच मिळत नाही, रेसिडेन्सी (पदवीनंतरचं दवाखान्यातलं प्रशिक्षण) आणि सरकारी परीक्षा मधे असते. एन.एम.सी.च्या "त्या देशातली पात्रता" या अटीची पूर्तता कॉलेज कोणत्या कागदानं करतं, ते नमुन्यासकट मागा. देत नसेल तर पुढं जाऊ नका. जोडीदाराला कौटुंबिक कारणावर निवास परवाना मागता येतो, पण तिथं त्याला नोकरी लागेल यावर बेत बांधू नका. त्याचं काम पुण्या-मुंबईच्या कंपनीचं, घरबसल्याचं असेल तरच घर चालतं. सरकारी शाळा जॉर्जियन माध्यमाच्या असल्यानं पोराला खासगी शाळेत घालावं लागतं, आणि तिचं शुल्क बहुतेकांच्या हिशेबात नसतं.

जर्मनी

जर्मनी म्हणजे तिकडंच राहण्याची वाट. सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क जवळजवळ नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सहामाहीला १५०० युरो. पण वैद्यकशास्त्र जर्मनमधून आहे, आणि इंग्रजी माध्यमाची अट मोडल्यानं या पदवीवर भारतात परतण्याची वाट बंद होते. फुकट शिक्षणाच्या मोहात हे कुणी सांगत नाही.

भाषा सी-१ या वरच्या पातळीपर्यंत न्यावी लागते. शून्यातून सुरुवात केली तर नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं सहज जातात. भारतीय कागद खरे असल्याचं ए.पी.एस. प्रमाणपत्र सक्तीचं, नुसत्या बारावीवर आधी स्टुडियनकोलेगचं, म्हणजे विद्यापीठाच्या पूर्वतयारीचं वर्ष. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) एका विद्यार्थ्याचे वर्षाला ११,९०४ युरो दाखवायचे, जोडीदार आणि मूल त्याच्या वर. जोडीदाराला साधारणपणे ए-१, म्हणजे प्राथमिक जर्मन आणि पुरेसं मोठं घर दाखवावं लागतं, पण तो पोहोचला की नोकरी करू शकतो. मुलाची सरकारी शाळा मोफत. तिशीतल्यांसाठी एक बारीक खोच: सरकारी आरोग्यविम्याचा विद्यार्थी दर वयाच्या तिशीला संपतो. बत्तिशीत जाणाऱ्याचा विमा महाग पडतो.

ऑस्ट्रेलिया, इंग्लंड आणि बाकीचे

ऑस्ट्रेलियाचा चार वर्षांचा एम.डी. पदवीधरांसाठी आहे, शुल्क वर्षाला ७५ हजार ते १ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास. कुटुंब सोबत नेता येतं. मास्टर्स दर्जाच्या अभ्यासक्रमात जोडीदाराला कामाच्या तासांची मर्यादा नाही, विद्यार्थ्याला पंधरवड्याला ४८ तास. २०२४ पासून व्हिसासाठी वर्षाच्या खर्चापोटी विद्यार्थ्याचे २९,७१०, जोडीदाराचे १०,३९४, मुलाचे ४,४४९ आणि शाळेचे १३,५०२ डॉलर दाखवावे लागतात, शुल्क वेगळं. पदवीनंतर इंटर्नशिपच्या रांगेत परदेशी विद्यार्थी मागं असतो. चार वर्षं म्हणजे ४८ महिने, ५४ भरत नाहीत, तेव्हा परतीचा विचार सोडूनच जा. "ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिका अशा देशांची पदवी असली की भारतात परीक्षा नाही" ही ऐकीव गोष्ट पदव्युत्तर तज्ज्ञ पदवीपुरती आहे. ऑस्ट्रेलियातला एम.डी. नावानं एम.डी. असला तरी ती पहिलीच वैद्यकीय पदवी.

इंग्लंडचा विषय एका वाक्यात संपतो: १ जानेवारी २०२४ पासून संशोधन पदवी किंवा सरकारी शिष्यवृत्ती सोडता विद्यार्थ्याला कुटुंब नेता येत नाही. अमेरिकेत कुटुंब येतं, पण जोडीदाराला काम करता येत नाही. फिलिपिन्सला वैद्यकीय पदवीआधीची बी.एस.ची वर्षं ५४ महिन्यांत धरत नाहीत. रशियात अनेक ठिकाणी पहिली वर्षं इंग्रजीत आणि दवाखान्यातली रशियनमध्ये जातात. माध्यमाचा दाखला पूर्ण सहा वर्षांचा मागा.

कागद आणि पैसे

सगळ्यात जास्त फाइली अडतात त्या नावावर. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं, मधे नवऱ्याचं. नीटच्या अर्जात तिसरंच स्पेलिंग. परदेशी कारकुनाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. नीटचा अर्ज भरण्याआधीच राजपत्रात नावबदल छापून घ्या आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडीला ठेवा. मुलाच्या जन्मदाखल्यात नावाची जागा रिकामी आहे का पाहा. ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यांत ती बरेचदा असते. अपोस्टिलसाठी (कागद परदेशात चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्यासाठी) आधी मंत्रालयातून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय. महिनाभर धरून चाला.

पैशाचं गणित असं. शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याचा खर्च धरतं, कुटुंबाचा नाही. वर्षाला १० लाखांपर्यंत परदेशी पाठवणीवर टी.सी.एस. (बँक आधीच कापून घेते तो प्राप्तिकर) नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या शुल्कावरही नाही. पण नातलगांच्या निर्वाहासाठी म्हणून १० लाखांच्या वर पाठवलं तर २० टक्के आधी कापले जातात. विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात खरे, पण वर्षभर अडकतात. शुल्क आणि घरखर्च बँकेत वेगवेगळ्या कारणाखाली पाठवा.

नेपाळ सोडता कुठंही जाताना आधी विद्यार्थ्यानं एकट्यानं जावं, निवास परवाना आणि भाडेकरार हातात आला की बाकीच्यांनी निघावं. तोवर मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. जोडीदाराचा व्हिसा नाकारला गेला तर सप्टेंबरात भरल्या वर्गात पुन्हा जागा मागत फिरावं लागतं.