आधी शब्द, मग बासरी: एका ऑनलाइन कोर्सबद्दल

पहिल्याच धड्यात बासरी बाजूला ठेवायला लावतात. आधी गाण्याचे शब्द पाठ करा, म्हणे! कटकट वाटते, पण फरक कानाला कळतो. श्वास आता शब्द संपल्यावर घेतला जातो, अक्षर तोडून नाही. जोडाक्षर आलं की जिभेचा हलका आघात, लांबलेल्या ‘आ’वर नुसती मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरणं. विलायत खाँ सतारीवर गायकी अंग वाजवायचे, म्हणजे सतार गळ्यासारखी गाती करायचे, मैफलीत मध्येच बंदिश गाऊनही दाखवायचे. ते कशासाठी, हे आता बोटांना उमगतंय. शब्दांच्या पीडीएफमध्ये ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र भरपूर आहेत आणि चालीत म्हणताना नेमक्या त्याच नडतात. व्हिडिओचा वेग कमी करायची सोयही नाही. नुसते आलाप शिकायचे असतील तर पैसे घालवू नका. भावगीतं वाजवत असाल तर जरूर घ्या.