डोलकाठी वाकलेली नव्हती हो!

आजाने स्वतः केलेला सागवानी मचवा, म्हणजे शिडाच्या होडीची छोटी प्रतिकृती, आमच्या ओटीवर चाळीसेक वर्षं होता. दीड हात लांब, शीड-सुकाणूसकट. गेल्या वर्षी गावच्या मच्छीमार सोसायटीने वरच्या खोलीत जुन्या वस्तूंचं छोटं संग्रहालय करायचं काढलं. मचवा, सणाच्या धाग्याच्या डोल जाळ्याचा (पिशवीसारखं मोठं जाळं) एक तुकडा आणि मोरी (शार्क मासा) पकडायचे चार गळ आमच्याकडून जायचे होते. देण्याआधी नीट करून घ्यावं म्हटलं.

ज्या काकांनी हे काम केलं त्यांच्याबद्दल लिहायचंय, पण पहिले पैसे बुडाले ते आधी सांगते. शहरातल्या एका फर्निचरवाल्याकडे मचवा दिला. आठ दिवसांत परत आला, काचेसारखा चकचकीत, आणि डोलकाठी एकदम उभी. "वाकली होती ना मॅडम, सरळ करून दिली." अहो, ती वाकली नव्हती! आपल्या मचव्याची काठी मुद्दामच नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, झुकलेली असते. लांब परमाण (शीड बांधायचा दांडा) तिच्यावर तिरकं चढतं, त्याचं पुढचं टोक खाली नाळेपाशी येतं. काठी झुकलेली असली की परमाण आणि शीड तिच्यापासून सुटं लोंबतं, अडकत नाही. या भल्या माणसाने परमाण आडवं बांधून इंग्रजी सिनेमातलं जहाज केलं होतं.

मग एका भाच्याने मुरुडच्या पुढे खाडीकाठी राहणाऱ्या काकांकडे नेलं. जन्मभर होड्या बांधल्या, आता संग्रहालयांच्या होड्या आणि जाळी दुरुस्त करतात. "नाव कुठे टाकू नकोस पोरी, फोन थांबायचे नाहीत," म्हणाले, म्हणून नाव देत नाही. मचवा हातात घेतल्यावर पहिली पाच मिनिटं नुसता उलटासुलटा करून बघत होते. नंतर एकच प्रश्न: "कुणी काठी उपटली?"

ते चकचकीत पॉलिश काढायलाच तीन आठवडे गेले. कापसाचा बोळा, एका वेळी नखाएवढी जागा. खालून काळपट तपकिरी लाकूड वर आलं आणि त्याबरोबर एक ओळखीचा वास. खऱ्या होडीला मोरीच्या तेलाचा हात देतात तसा आजाने या खेळण्यालाही दिला होता! पण उजव्या अंगाला फर्निचरवाल्याचा सँडपेपर खोल लागला होता, तिथे लाकूड फिकटच राहिलं. मी म्हटलं, काका, रंग मिळवून टाका ना. नाही म्हणाले. गेलं ते गेलं, मी खोटं कशाला रंगवू? तेव्हा मला राग आला होता. हरवलेलं एक वल्हं मात्र नवं करून दिलं, आणि त्याच्या पात्याच्या मागे बारीक अक्षरात साल कोरलं, म्हणजे पुढे कुणी ते आजाचं समजायला नको. सांधे सगळे सरसाने जोडले. सरस कोमट पाण्याने सुटतो. माझी चूक उद्या कुणाला दिसली तर त्याला खोलता यायला हवी, असं त्यांचं म्हणणं.

जाळ्याचा तुकडा आधी पिशवीत बंद करून दोन आठवडे उणे वीसच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवला, कीड मरावी म्हणून. (फ्रीझर वेगळा आहे, पापलेटांचा नव्हे. मी विचारून घेतलं.) मग जाळीवर पसरून डिस्टिल्ड वॉटरने हळूहळू मीठ काढलं, कारण धाग्यात मीठ राहिलं की ते हवेतली ओल ओढत बसतं. साबणाला हातही लावला नाही. गळांचा सुटा गंज खरवडून वर टॅनिक अ‍ॅसिडचा हात दिला, लोखंड काळंभोर झालं, त्यावर मेण. हे करताना काका हसले. नायलॉन येण्याआधी सुताची जाळी कुजू नयेत म्हणून ऐनाची साल उकळून त्या पाण्यात बुडवायचे, तिच्यातही टॅनिनच. "तुझ्या आजाचंच औषध आहे, फक्त बाटलीतून येतं."

आता तक्रारी. दोन महिने सांगून पाच लावले. पावसात सरस सुकत नाही हे खरं, पण फोन उचलायला काय होतं? आणि कामाची नोंद शून्य. आधीचे फोटो माझ्याकडे होते म्हणून ठीक. काय वापरलं, कुठे वापरलं, हे मी शेजारी बसून वहीत उतरवून घेतलं. संग्रहालयासाठी काम देणार असाल तर ही वही तुम्हीच न्या. अठरा हजार झाले. कामाला पाच तारे, वेळेला दोन.

मचवा सोसायटीत ठेवला त्या दिवशी बाबा आले. काठी पाहिली, मान हलवली. मग परमाणाची दोरी सोडली आणि आपल्या पद्धतीने परत बांधली. मला धस्स झालं. काकांना फोटो पाठवला, संध्याकाळी उत्तर आलं: "त्यांचंच बरोबर. तसंच राहू दे."