नली-कली: बेळगावच्या खानापूरकडच्या एकशिक्षकी मराठी शाळेत कितपत चालते?

नली-कली म्हणजे कर्नाटकच्या सरकारी शाळांतली, कार्डांवरून खेळत शिकण्याची पद्धत. 1995 साली म्हैसूरकडच्या एच. डी. कोटे तालुक्यात, आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेचं काम पाहून शिक्षकांनीच ही पद्धत उभी केली, वरून तज्ज्ञांनी लादली नाही. म्हणूनच ती टिकली असावी. पहिली ते तिसरी एकत्र, शिक्षकाची मदत किती लागते त्यावर पाच गट, भिंतीवर शिकण्याची शिडी, म्हणजे पायऱ्यांचा तक्ता. चिन्ह बघून मूल आपलं कार्ड उचलतं. एकशिक्षकी शाळेला सोयीचं.

खटकतं ते अक्षरांत. कन्नडचा र-ग-स-द-अ क्रम तिथल्या वळणांवर बेतलेला. देवनागरीला तसाच लावू नका. इथं ग-म-न, व-ब-क अशी सारख्या वळणांची घराणी धरा. एक कार्ड हरवलं की ती पायरीच अडते, तेव्हा जादा संच हवाच. पावसाळ्यात कार्डं पापडासारखी वळतात. आधीच लॅमिनेट करा.